कोकणाला बावटा, खानदेशाला ‘तुरळक’

कोकणातल्या बंदरावर तीन नंबरचा बावटा चढला, की खलाशाला पुढे काही विचारावं लागत नाही. होडी ओढून घ्यायची, जाळी आवरायची आणि घर गाठायचं. त्या बावट्यात टक्के नसतात, मिलिमीटर नसतात, ‘शक्यता’ हा शब्दही नसतो. समुद्रात जायचं की नाही, एवढ्याच प्रश्नाचं ते उत्तर असतं. बंदरातला अधिकारी, मत्स्यव्यवसाय खातं, तटरक्षक दल हे सगळे त्या एका उत्तराला बांधलेले असतात. पावसाळ्यात तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीच बंद. बंदी मोडून कुणी गेलाच, तर त्याच्यावर कारवाई होते. न जाणाऱ्याला कुणी खुळा म्हणत नाही.

मी खानदेशातला, जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातला, अनेर नदीच्या पट्ट्यातला. चार एकर केळी, बाकी कापूस. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी ओट्यावर बसलं, की मोबाइलवर येतं ते असं: ‘मध्य महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस, ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे वाहण्याची शक्यता.’ शेजारचे जिभाऊ सत्तरीच्या पुढचे, पण अजून रोज बांधावर फेरी मारणारे. ते विचारतात, “तुना मोबाईल काय सांगस?” मी वाचून दाखवतो. त्यावर त्यांचा एकच प्रश्न असतो: “तुरळक मंजे आपला वावरमा, का दुसराना?”

या प्रश्नाला हवामानशास्त्रात उत्तर आहे, पण ते जिभाऊंच्या कामाचं नाही. हवामान विभागाच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या प्रदेशातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे पावाहून अधिक आणि अर्ध्यापर्यंत. त्याच्या वर ‘बऱ्याच ठिकाणी’, आणि पाऊणच्या पुढे गेलं की जवळजवळ सगळीकडे. शब्द नेमके आहेत, त्यामागे मोजमाप आहे. फक्त ते मोजमाप ज्याला कळावं म्हणून केलं, त्याला कुणी कधी सांगितलेलं नाही. आमच्याकडे ‘तुरळक’चा अर्थ ‘थोडासा’ असा घेतात. तुरळक पाऊस म्हणजे चार शिंतोडे, मग केळीला पाणी चालू ठेवा. आणि त्या रात्री पडतो तो पाव केंद्रांवरचा धो धो पाऊस.

हवामान खात्याची टिंगल करणाऱ्यांत मी नाही, हे आधीच सांगून टाकतो. ‘पाऊस म्हणाले म्हणजे ऊन पडणार’ हा विनोद माझ्या लहानपणी खरा वाटायचा, आज तो आळशी विनोद आहे. चक्रीवादळांच्या बाबतीत या खात्यानं जे केलंय ते जगानं मानलंय. १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे १० हजार माणसं गेली. २०१३ मध्ये फायलीन तिथंच धडकलं तेव्हा मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला, कारण जवळजवळ दहा लाख लोकांना आधीच हलवलं होतं. अंदाज सुधारला होताच. पण अंदाज आल्यावर कुणी काय करायचं, गाडी कुणी पाठवायची, निवारा कुठं, तांदूळ कुणी शिजवायचा, हेही ठरलेलं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे की खानदेशात पहिली गोष्ट येऊन पोचली आहे आणि दुसरी कुणाच्या ध्यानातही नाही. आमच्याकडे अंदाज येतो, पण तो कुणाच्याही निर्णयाला आणि कुणाच्याही जबाबदारीला बांधलेला नसतो.

सुरुवात नावापासून करू. हवामान विभागाच्या नकाशात खानदेश नाही. कोकण-गोवा आहे, मराठवाडा आहे, विदर्भ आहे, आणि उरलेलं सगळं ‘मध्य महाराष्ट्र’. त्यात नंदुरबार, धुळे, जळगाव आणि त्यांच्यासोबत नाशिक, अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर. दहा जिल्हे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जळगावला सातशेच्या घरात, धुळ्याला त्याहूनही कमी. गावातल्या सावकाराची आणि सालदाराची कमाई एकत्र करून सरासरी काढावी आणि सालदाराला म्हणावं, बाबा रे, तुझं तर बरं चाललंय, असा हा प्रकार आहे. ‘मध्य महाराष्ट्रात सरासरीइतका पाऊस’ ही ओळ कोल्हापुरात पूर आणि अमळनेरला टँकर अशा दोन्ही अवस्थांत खरी असू शकते.

यावर खात्याचं उत्तर ठरलेलं असेल, आणि ते खोटं नाही: जिल्हावार इशारे निघतात, हिरवा-पिवळा-नारिंगी-लाल असे रंग असतात, ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाजही मिळतो. २६ मे २०२५ ला सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’नं तर देशाचा नकाशा सहा-सहा किलोमीटरच्या चौकटींत पाडला, आधी चौकट १२ किलोमीटरची होती. ‘मेघदूत’ अॅपवर पीक सल्ला मिळतो, मंगळवारी आणि शुक्रवारी तो नव्यानं निघतो. हे सगळं आहे. मी वापरतोही. पण चौकट कितीही बारीक केली, तरी आतल्या माणसाचा प्रश्न तोच राहतो: मी आता काय करू?

शिवाय बातम्यांचा पाऊस मुंबईत पडतो. हिंदमाताला पाणी साचलं की दूरचित्रवाणीवर महाराष्ट्र बुडालेला असतो, आणि कांदिवलीतला पुतण्या फोन करून विचारतो, “काका, तिकडे सांभाळून ना?” इकडे आभाळ कोरडं ठणठणीत. आम्ही सह्याद्रीच्या पाठीमागे. कोकणात कोसळणारे ढग घाटमाथ्यावर रिकामे होऊन आमच्याकडे नुसता वारा सोडतात. तरीही मुंबईत मान्सून आला की आमच्याकडे बियाण्याच्या दुकानापुढे रांग लागते. शंभर वर्षांत ही सवय गेलेली नाही.

खानदेशच्या पावसाच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि या विषयावर आपल्याकडे इतकं कमी बोललं जातं की जरा थांबतो. एक वाट सुरतेकडून येते. खंबातच्या आखाताकडचं बाष्प तापीच्या खोऱ्यानं, सातपुडा आणि सातमाळा-अजिंठ्याच्या मधल्या बोळातून पूर्वेकडे शिरतं. म्हणून नवापूरला हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस आणि तिथून पूर्वेला शिंदखेड्याकडे येईतो तो निम्म्यावर. दुसरी वाट उलट दिशेची, आणि मोठ्या पावसाची खरी वाट तीच. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होतो, ओडिशाच्या किनाऱ्यावरून छत्तीसगड, विदर्भ, मध्य प्रदेश करत पश्चिमेला सरकतो आणि तीन-पाच दिवसांत आमच्या डोक्यावर येतो. बैतूल, बऱ्हाणपूर, अकोला, अमरावतीकडे पाऊस झाला की तापी आणि पूर्णा फुगतात आणि भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडतात. भुसावळला थेंब नसताना तापी दुथडी भरून वाहते ती यामुळे. तेच पाणी पुढे गुजरातेतल्या उकाई धरणात जातं; २००६ च्या ऑगस्टमध्ये सुरत बुडाली ती याच नदीनं.

म्हणजे आमचा किनारा रत्नागिरीचा नाही, ओडिशाचा आहे. आषाढ-श्रावणात खानदेशातल्या शेतकऱ्याला एकच गोष्ट कळायला हवी: उपसागरात काही शिजतंय का, आणि ते विदर्भावर कधी येईल. ती माहिती चार दिवस आधी हाती असते. चार दिवसांत युरियाचा डोस थांबवता येतो, फवारणी पुढे ढकलता येते, उडीद-मूग काढणीला आला असेल तर घाईनं काढून घेता येतो, नदीकाठची मोटार वर घेता येते. हे सगळं हवामान विभागाच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला माहीत असतं. त्याच्या पत्रकात ते ‘सिनॉप्टिक’ भागात, म्हणजे हवामानाचं मोठं चित्र सांगणाऱ्या भागात, इंग्रजीत लिहिलेलंही असतं. मराठीत उतरताना त्याचं ‘काही ठिकाणी मध्यम पाऊस’ होतं.

आणि हंगामाचा अंदाज! दर एप्रिलमध्ये देशाचा आकडा येतो. सरासरीच्या इतके टक्के, सरासरी म्हणजे ८७ सेंटिमीटर. २०२३ च्या एप्रिलमध्ये ९६ टक्के सांगितलं, प्रत्यक्षात ९४ टक्के पडला. कागदावर अंदाज जवळजवळ तंतोतंत. पण त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, देशभरात ३६ टक्के तूट. कापसाला पातं, म्हणजे कळी, धरायच्या वेळी पाणी नाही. जुलैनं भरून काढलेलं आणि सप्टेंबरनं सावरलेलं मिळून बेरीज ९४ होते, पण कापसाला बेरीज कळत नाही. त्याला कोणत्या आठवड्यात पाणी मिळालं एवढंच कळतं.

गंमत अशी की आठवड्यांचा अंदाजही निघतो. दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज प्रसिद्ध होतो. पहिले दोन आठवडे बऱ्यापैकी भरवशाचे, पुढचे धूसर. पेरणीच्या तोंडावर यापेक्षा मोलाचा कागद नाही, कारण दुबार पेरणीचा सगळा खेळच पहिल्या पावसानंतरच्या दोन आठवड्यांत असतो. मी आमच्या पंचक्रोशीत विचारून पाहिलं. एप्रिलचा टक्का सगळ्यांना पाठ, गुरुवारचा कागद एकालाही ठाऊक नाही. वर्तमानपत्रंही टक्क्याला पहिलं पान देतात.

२०२५ चं घ्या. मान्सून २४ मे ला केरळात आणि २६ मे ला मुंबईत. इतक्या लवकर तो मुंबईत आल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. मेमध्येच वावरं ओली झाली. मग तो जूनच्या मध्यापर्यंत जवळजवळ जागचा हलला नाही. कृषी खात्यानं घाई करू नका असं सांगितलं होतं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका हा तर जुनाच सल्ला. तरी आमच्या शिवारात कोरडवाहूवाल्यांनीही कापूस लावून टाकला. ४७५ ग्रॅमच्या पाकिटाला ९०० रुपयांच्या आसपास, एकरी दोन पाकिटं. कोंब वर आले आणि उन्हानं माना टाकल्या. ज्यांच्याकडे ठिबक होतं ते वाचले, बाकीचे पुन्हा दुकानात.

आता इथं बावट्यातला आणि सल्ल्यातला फरक बघा. बावट्याचं ऐकून खलाशी थांबला आणि समुद्र शांत निघाला, तर अख्खं बंदर थांबलेलं असतं. तोटा सगळ्यांचा सारखा, शेजारी पुढे जात नाही. शेतकरी सल्ला ऐकून थांबला आणि पाऊस लागून राहिला, तर शेजाऱ्याचा कापूस वीतभर वर आणि याचं वावर उघडं. बायको विचारते, बाप विचारतो, सोसायटीचा सचिव विचारतो. म्हणून तो थांबत नाही. त्याला अडाणी म्हणणं सोपं आहे. एकट्यानं थांबण्याची किंमत त्याला चांगली कळते, खरं ते हेच. संभाव्यता म्हणजे काय हेही त्याला कळतं. श्रावणात पारावर पत्ते कुटणाऱ्याला ७० टक्के शिकवायला नकोत. त्याला हवंय ते एवढंच, की हरलो तर एकटा हरू नये.

असा सामायिक निर्णय शेतीत घेता येतच नाही, हे मला मान्य नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं कापूस फस्त केल्यानंतर कृषी खात्यानं बीटी बियाण्याची विक्री ठरावीक तारखेआधी करायची नाही असा नियम लावला. पूर्वहंगामी लागवड थांबली तर अळीची साखळी तुटते, हा हेतू. म्हणजे तो एक बावटाच होता. खानदेशात मेमध्ये ठिबकवर कापूस लावायची जुनी पद्धत, त्यामुळे कुरकुर झाली. शेजारच्या राज्यांतून पाकिटं चोरून आली, अजून येतात. पण बऱ्याच जणांनी पाळलं, कारण शेजाऱ्यालाही बियाणं मिळत नव्हतं. तोच विचार पेरणीला का लावू नये? महसूल मंडळात ठरावीक पाऊस मोजला गेला आणि गुरुवारच्या कागदात पुढे खंड दिसत नसला, तर तालुक्यातून पेरणीचा बावटा. बावट्याआधी पेरलं तर दुबारची मदत नाही. बावट्यानंतर पेरलं आणि तरी मोडलं, तर बियाणं सरकारचं. काळी कसदार जमीन आणि सातपुड्याच्या पायथ्याची मुरमाड जमीन यांचा बावटा वेगळा ठेवावा लागेल, एवढी अक्कल आमच्या कृषी सहायकाला आहे. चुका होतील. आज चुका होत नाहीत असं कुठं आहे? फक्त त्यांचं बिल एकाच दारात जातं.

केळीची गोष्ट याहून वेगळी आहे, आणि खानदेशची म्हणून आहे. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यात दोन गोष्टी केळीला मारतात: मे-जूनचा वारा आणि डिसेंबर-जानेवारीची थंडी. दोन्हींचा हवामानाशी संबंध आहे, पण दोन्हींवर एकच औषध नाही, हे लक्षात न घेता सल्ले दिले जातात.

वाऱ्याचं आधी. वळवाची वावटळ कुठल्या शिवारावर उतरेल हे आदल्या दिवशी जगातला कुणीही सांगू शकत नाही. ढग उभा राहतो तासाभरात, कोसळतो पुढच्या तासाभरात. रडारनं तो उभा राहताना दिसतो, पण जळगाव मुंबईच्या रडारपासून आणि नागपूरच्या रडारपासून हवाई अंतरानं साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. अशा रडारची नजर अडीचशेपर्यंत पोचते, आणि पृथ्वी गोल असल्यामुळे जितकं लांब जावं तितकी किरणं जमिनीपासून वर जातात. खालचा वारा निसटतो. तापीच्या खोऱ्यावर जवळून नजर ठेवणारं रडार हवं, ही मागणी रास्तच. पण समजा ते मिळालं आणि तासभर आधी कळलं, तर? मजुरांना झाडाखालून हलवता येईल, बैल सोडता येतील, मळणी केलेला मका झाकता येईल. वीज पडून जाणारे जीव वाचतील, आणि तेवढ्यासाठीही ते हवंच. पण घड लागलेली हजारो खोडं कुणी घरात नेऊ शकत नाही. शेवरीची किंवा गजराज गवताची दाट कड बांधाला असेल, झाडांना पट्ट्या बांधलेल्या असतील, तर थोडी वाचतात. ते काम तासाचं नाही, वर्षाचं आहे. वाऱ्यापुढे केळीला इशारा नको, भरपाई हवी. ज्या संकटात इशाऱ्यानं काहीच करता येत नाही, तिथं इशारा दिला म्हणून यंत्रणेनं हात झटकू नयेत.

थंडी उलट. तापमानाचा अंदाज पावसाच्या अंदाजापेक्षा कितीतरी भरवशाचा. उत्तरेकडून थंडीची लाट येतेय हे तीन-चार दिवस आधी कळतं. पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, पानांवर चरका दिसतो, कांदेबागेची (पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीची) निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, अडकते, घड बाहेर पडताना खोडातच वेडावाकडा होतो. इथं इशाऱ्याचा उपयोग आहे, आणि सल्लाही नेमका येतो: रात्री बागेला पाणी द्या, पहाटे बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करा.

रात्री पाणी द्या! आमच्या फीडरवर थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. थंडीची लाट दिवसपाळीच्या आठवड्यात आली, तर सल्ला वाचायचा आणि गोधडी ओढून झोपायचं. रात्रपाळीच्या आठवड्यात आली, तर डीपीवरचा फ्यूज उडतो, कारण सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू होतात. ज्या कार्यालयातून सल्ला निघतो आणि ज्या कार्यालयातून लाइटचं वेळापत्रक निघतं, ती दोन्ही एकाच सरकारच्या राज्यात आहेत, पण त्यांची एकमेकांशी ओळख नाही. थंडीचा नारिंगी इशारा निघाला की केळीपट्ट्यातल्या फीडरना त्या तीन रात्री आपोआप लाइट, एवढा एक हुकूम कुणी काढला, तर मी म्हणेन खानदेशात बावटा लागला. याला नवं रडार लागत नाही, नवं अॅप लागत नाही. एक पत्र लागतं.

हवामानाचा आकडा आणि पैसा यांची गाठ खानदेशात एकाच ठिकाणी पडते: फळपीक विम्यात. हवामानावर आधारलेल्या या योजनेत नुकसान बघायला कुणी येत नाही, यंत्र बघतं. केळीसाठी थंडीचा निकष सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली. महसूल मंडळात बसवलेलं स्वयंचलित केंद्र ते मोजतं. ‘महावेध’ प्रकल्पात राज्यात अशी दोन हजारांहून अधिक केंद्रं उभी राहिली. कल्पना चांगली आहे. पंचनाम्याची हाजी हाजी नाही, तलाठ्याची वाट बघणं नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या पट्ट्यात लागोपाठ चार पहाटा अशा गेल्या, की नळीतलं पाणी हाताला चटका द्यायचं. बागेची पानं पिवळी पडली, निसवण थांबली. विम्याचं काय झालं म्हणून चौकशी केली, तर दोन दिवस आठच्या खाली आणि तिसऱ्या दिवशी आठ पूर्णांक काही दशांश. साखळी तुटली, विषय संपला. यंत्र खोटं बोललं असं मी म्हणत नाही. पण ते यंत्र गावात, सिमेंटच्या रस्त्याजवळ, वस्तीच्या उबेत आहे. माझी बाग नदीकाठच्या खोलगटात. थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून खाली येऊन खोलगट भागात साचते. गावात सव्वाआठ आणि नदीकाठी सहा, हे सहज होऊ शकतं. आणि मंडळ म्हणजे पंधरा-वीस गावं. त्या सगळ्यांची थंडी एका खांबावर ठरते. वाऱ्याच्या निकषात तरी शेतकऱ्याला ७२ तासांत कळवून पंचनामा मागता येतो. थंडीला तेही नाही, कारण थंडी मोडलेलं झाड दाखवत नाही. ती घडाचं वजन खाते, चार महिन्यांनी, व्यापाऱ्याच्या काट्यावर.

खरिपाच्या पिकांचा विमा २०२५ मध्ये पुन्हा बदलला. एक रुपयातला विमा गेला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या उत्पन्नावर आली. त्याचं वेगळं भांडण आहे, ते इथं नको.

मधला माणूसही आता नाही. जिल्हा कृषी हवामान केंद्रं देशात १९९ जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रांच्या आवारात चालत होती. मार्च २०२४ मध्ये ती बंद झाली. तिथला माणूस काही मोठा शास्त्रज्ञ नसायचा. पण अंदाज वाचून, बाहेर बांधावर काय उभं आहे ते बघून, ‘उद्या फवारू नका’ असं मराठीत सांगणारा तो होता. त्याच्या जागी आता व्हॉट्सअॅपवरचे हवामान अभ्यासक आलेत. त्यांची मी चेष्टा करणार नाही. त्यांच्यातले काही पुष्कळ वाचतात, आणि मुख्य म्हणजे तालुक्याचं नाव घेऊन बोलतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळच्या घटमांडणीकडे, तिथल्या पीकपाण्याच्या पारंपरिक भाकिताकडे, खानदेशातूनही डोळे लागतात ते याचसाठी. चार ढेकळं म्हणजे चार महिने, घटाभोवती अठरा धान्यं. पहिल्या महिन्यात पाऊस कमी, कापूस साधारण, ज्वारी चांगली, असं भाकीत निघतं. त्यात शास्त्र नाही. पण प्रश्न शेतकऱ्याच्या तोंडचे आहेत: कोणता महिना, कोणतं पीक. शास्त्राकडे उत्तर आहे आणि प्रश्न नाही, तिथं प्रश्न आहे आणि उत्तर नाही. हंगाम संपल्यावर हिशेब मात्र दोघांकडेही कुणी मागत नाही. दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत कुणी उभं राहून सांगितलेलं मला आठवत नाही, की यंदा आपल्या गावासाठी इतके इशारे आले, इतके खरे ठरले, इतके हुकले.

हे सांगायचं तर आकडे हाताशी हवेत, आणि घोडं अडतं ते तिथंच. आमच्या मंडळाच्या गावात ते केंद्र आहे: तारेचं कुंपण, पांढरा खांब, वर गरगर फिरणाऱ्या वाट्या, कुलूप. आतला आकडा दिवसरात्र कुठंतरी जातो. कुंपणाबाहेर उभ्या माणसाला काही दिसत नाही. पेट्रोल पंपावर भाव दिसतो, बाजार समितीत फळ्यावर दर दिसतो, पण ज्या आकड्यावर माझ्या बागेचा विमा ठरतो तो मला दिसत नाही. गेल्या ग्रामसभेत आम्ही ठराव दिला: केंद्राच्या कुंपणाला दोन फुटांची पाटी लावा, तिच्यावर आजचं किमान, कमाल, पाऊस आणि वारा. ठराव मंजूर झाला, पंचायत समितीकडे गेला. तिथून तो वर गेला म्हणतात. पोच मिळालेली नाही.

तोवर जिभाऊंनी आणि मी चोपड्याहून दोन तापमापी आणल्यात, साधे, भिंतीला टांगायचे. एक माझ्या बागेत नदीकाठी, एक त्यांच्या वरच्या वावरात, दोन्ही कमरेइतक्या उंचीवर, वर पत्र्याचं छप्पर. पहाटे सहाला बघायचं आणि शाळेच्या वहीत लिहायचं. जिभाऊंना चष्म्याशिवाय रेघ दिसत नाही, म्हणून नात सोबत जाते. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत १२० पहाटा होतात. वही भरली की केंद्राचे आकडे माहितीच्या अधिकारात मागायचे आणि शेजारी शेजारी ठेवायचे.